उतरवून घेणारं माणूस

मागून घंटी वाजायला लागली तशी वसुधाने आपली सायकल गवतात आडवी टाकली आणि ती रस्त्याच्या मधोमध पाय रोवून उभी राहिली.

“अहो, ब्रेक दाबा! ब्रेक!”

“दाबला तर थांबेन,” नरेंद्रराव म्हणाले.

“थांबायचंच आहे!”

“थांबलो की पडतो.”

एवढ्यात ते आलेच. वसुधाने डाव्या हाताने हँडल पकडलं, उजवा हात त्यांच्या कमरेभोवती टाकला, आणि ते सगळे बहात्तर किलो घेऊन तिच्यावर कलले. त्यांचा उजवा पाय हवेत जमीन शोधत राहिला. तो टेकेपर्यंत वसुधाने श्वास रोखून धरला होता. खांद्यातून कळ गेली.

“जमलं,” नरेंद्रराव म्हणाले.

“तुमचं जमलं,” वसुधा म्हणाली.

वैदेही मागून मोबाइल एका हातात धरून हे सगळं टिपतच आली. “सुपर, बाबा! आजचे अठरा किलोमीटर झाले. आई, तूपण हस की जरा, व्हिडिओत तू एकदम इन्स्पेक्टर दिसतेयस.”

वसुधा हसली. सुट्टीवर आलोय म्हटल्यावर हसायला हवंच होतं.

नरेंद्ररावांना सहा वर्षांपासून पार्किन्सन होता. चालताना त्यांचे पाय जमिनीला चिकटत. साताऱ्याच्या घरात स्वयंपाकघराचा उंबरठा आला की ते उभेच राहत, आणि बैठकीत पोचेपर्यंत चहावर साय धरायची. आवाज बारीक झाला होता, मान वळत नव्हती, चेहऱ्यावरचे भाव तर आजाराने केव्हाच पुसून टाकले होते. आणि हाच माणूस सायकलवर बसवला की सुटायचा. हॉलंडमध्ये, युट्रेख्टला, वैदेहीच्या शेजारी एक फिजिओथेरपिस्ट बाई राहायची. तिने सांगितलं होतं, की ज्यांना धड चालता येत नाही अशांपैकी कितीतरी जणांना सायकल मात्र येते, बसवून तर बघा. वैदेहीने त्यांना घराशेजारच्या बागेत बसवलं. वसुधा “पडतील गं, पडतील” म्हणत मागून धावली आणि नुसती धावतच राहिली. ते तळ्याला वळसा घालून पार दिसेनासे झाले होते.

तिला आनंद झाला, हे खरंच. डोळेसुद्धा भरून आले. पण त्याच्या पाठोपाठ राग आला, आणि तोही काही थोडाथोडका नाही. सहा वर्षं या माणसाला हाताला धरून मोरीपर्यंत नेतेय मी, तेव्हा हे सगळं कुठे लपवून ठेवलं होतं यांनी? आजार काही ठरवून वागत नाही, हे काय तिला कळत नव्हतं? पण राग यायचा तो आला.

मग वैदेहीने तीन दिवसांची सहल आखली. रोज वीस-पंचवीस किलोमीटर, नदीच्या काठाकाठाने, मुक्काम लहान लहान हॉटेलांत. फक्त दोन गोष्टी नरेंद्ररावांना जमत नव्हत्या. निघताना कुणाला तरी सायकल धरावी लागे आणि थांबताना त्यांना झेलावं लागे. थांबायच्या जागी ते पोचण्याआधी वसुधाने पोचायला हवं, म्हणून तिला विजेची सायकल. तिने पुढे सटकायचं, सायकल टाकायची आणि उभं राहायचं. त्यांनी घंटी वाजवायची. अशी ही व्यवस्था. वैदेही म्हणायची, “आई, तूपण एंजॉय कर ना.” दिवसातून दहा-अकरा वेळा धावत जाऊन नवऱ्याला झेलणं याला एंजॉय म्हणत असतील, तर वसुधा ते भरपूर करत होती.

नरेंद्रराव मात्र खुशीत होते. त्यांचा चेहरा सांगत नसला तरी बोलणं सांगत होतं. आयुष्यभर ते भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक होते. कोरेगाव आणि खटावच्या गावांतून सायकलवरून हिंडत लोकांच्या जमिनी मोजायच्या, आणि दोन सख्खे भाऊ फूटभर जमिनीवरून एकमेकांच्या अंगावर धावून जाताना मध्ये फीत धरून उभं राहायचं. इथली शेतं बघून त्यांना गंमत वाटत होती. कुठे चढ नाही, उतार नाही, आणि शेताशेतांमध्ये सरळ रेषेत पाण्याचे चर.

“वसुधा, बघितलंस? इथे बांध कोरायची सोयच नाही. बांधाच्या जागी पाणीच घालून ठेवलंय.”

“मग इथले मोजणीवाले काय करत असतील?”

“झोपा काढत असतील.”

सायकलच्या रस्त्यावर दर थोड्या अंतराने एक पाटी यायची आणि तिच्यावर नंबर असायचा. वैदेहीने दिवसभराचे नंबर कागदाच्या पट्टीवर लिहून तिघांच्या हँडलला चिकटवले होते. एका नंबरावरून दुसऱ्यावर जायचं, बाकी काही शोधायचं नाही. नरेंद्रराव त्यांना गट नंबर म्हणत. “चौतीस संपला, आता सत्तावन्नची हद्द लागली,” असं पुटपुटत चालवत राहत.

वसुधाला मात्र त्या सपाटीने थकवा आणला होता. सकाळी एखाद्या चर्चचा मनोरा दिसायचा, तो दोन तासांनीही तेवढाच लांब. साताऱ्यात निदान चढ असला की उतार येईल अशी आशा तरी असते. इथे चढही नव्हता, म्हणजे उतरायची वेळही नव्हती. नुसतं पायडल मारत राहायचं. गाई चरत होत्या आणि वारा वाहत होता. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं नोकरी करून, नवऱ्याच्या दुखण्यापायी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलेल्या बाईला हे चित्र फार ओळखीचं वाटत होतं.

आणि तिच्या पोटात एक गोष्ट होती. ती सांगितल्याशिवाय ही सहल संपणार नव्हती.

फेब्रुवारीत दोघं एकदम पडले होते. मोरीच्या दारात त्यांचा तोल गेला, ती धरायला गेली तर तिचाही गेला. ते तिच्या खांद्यावर पडले. दीड तास दोघं फरशीवर तशीच पडून होती. तिला उठता येत नव्हतं आणि त्यांना तिच्यावरून हलता येत नव्हतं. फोन आत वाजत होता. शेवटी शेजारची नंदा वाटी परत द्यायला आली म्हणून सुटका झाली. त्या दीड तासात नरेंद्रराव एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, “सॉरी हं वसुधा.” आणि वसुधाने त्याच दीड तासात ठरवलं होतं, की बास. आता माझ्याच्याने होणार नाही.

वाईच्या रस्त्याला अशा माणसांसाठी एक केंद्र होतं. वैदेहीने इथूनच सगळं पाहिलं, फॉर्म भरला, खोली ठरवली. अठ्ठावीस जूनला दोघं परत जाणार होती आणि पाच जुलैपासून नरेंद्रराव तिथे राहायला जाणार होते. हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. नंदालासुद्धा.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैदेही हॉटेलच्या जेवणघरात लॅपटॉप उघडून बसली. “माझा रिव्ह्यू आलाय मध्येच, दोन तास तरी जातील. तुम्ही दोघं निघा. डाइकवरून सरळ रस्ता आहे, एक क्रॉसिंग नाही की गाडी नाही. बारा किलोमीटरवर गाव आहे, तिथल्या चर्चपाशी थांबा. मी गाठते तुम्हाला.” डाइक म्हणजे नदीचं पाणी अडवणारा लांबच लांब भराव, त्याच्या माथ्यावरून सायकलचा रस्ता होता. मग नरेंद्रराव पावाला लोणी लावण्यात गुंतले आहेत असं पाहून ती हळूच म्हणाली, “आई, आज सांग. प्लीज. नाहीतर संध्याकाळी मी सांगते. त्यांना न सांगता नेऊन सोडायचं नाही हं.”

“मी कुठे म्हणतेय न सांगता सोडूया म्हणून?”

“मग सांग ना.”

“सांगते गं बाई.”

निघाली दोघं. हॉटेलवाल्याने सायकल धरली, नरेंद्रराव बसले आणि लागले चालवायला. इथे दोघांनी शेजारी शेजारी चालवलं तरी कुणी काही म्हणत नाही. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खाली सफरचंदांच्या बागा, आणि भरावाच्या उतारावर मेंढ्या. वसुधाला वाटलं, हे बरंय, शेजारी शेजारी असलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

एक पाटी गेली, दुसरी गेली. तिसरी गेल्यावर ती म्हणाली, “अहो, एक सांगायचंय.”

“सांग की.”

“वाईच्या रस्त्याला एक केंद्र आहे. तुमच्यासारखा त्रास असलेल्या लोकांसाठी. चोवीस तास माणसं असतात. डॉक्टर येतो रोज. तुमचं नाव घातलंय तिथे. पाच जुलैपासून.”

पायडलांचा आवाज चालूच राहिला.

“किती दिवसांसाठी?” नरेंद्ररावांनी विचारलं.

कुणी महिना-दोन महिने म्हणालं असतं आणि वेळ मारून नेली असती. वसुधाच्याही जिभेवर ते आलं होतं.

“राहायलाच,” ती म्हणाली. “माझ्याच्याने होत नाही हो आता.”

तिने शेवटी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच, पण त्या चेहऱ्यावर सहा वर्षांत काही दिसलं नव्हतं, ते आज कुठून दिसणार? त्यांचे पाय मात्र भराभर फिरायला लागले. ते हातभर पुढे गेले, मग सायकलभर, मग चांगली पन्नास पावलं.

“अहो, थांबा!” म्हणून ती ओरडली आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. थांबले की पडतील.

तिने वेग वाढवायचं बटण दाबलं. हँडलवरचा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. सायकल एकदम जड झाली.

बॅटरी संपली होती. संपणारच. वैदेहीने बजावलं होतं, चार्जर रात्रभर लावून ठेव. पण झोपायच्या आधी घरभर फिरून सगळे प्लग काढायचे, ही वसुधाची चाळीस वर्षांची सवय. इथल्या प्लगांना बटणंही नसतात. रात्रभर वीज जळत ठेवायची आणि आपण झोपायचं, हे तिला काही पटलं नव्हतं. तिने आपला चार्जर काढून, वायर छान गुंडाळून, पिशवीत ठेवला होता. सगळ्या लोकांना शहाणपण शिकवणारी वसुधा स्वतः मात्र अशी फसली.

विजेची सायकल विजेशिवाय चालवणं म्हणजे भरलेली कोठी ढकलत नेणं. वारा समोरून होता. नरेंद्ररावांची निळी पाठ लांब लांब जात होती. मान वळत नसल्यामुळे त्यांनी मागे पाहण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मान वळत असती तरी त्यांनी पाहिलं असतं का, कोण जाणे. रस्त्याने पुढे वळण घेतलं आणि ती निळी पाठही गेली.

वसुधा जीव खाऊन पायडल मारत होती. गुडघे बोलायला लागले, खांदा तर केव्हापासूनच बोलत होता. रागाने गेले असतील का? उतारावरून नदीत गेले तर? कुणी समोरून आलं आणि ब्रेक दाबावा लागला तर? आणि त्या सगळ्या भीतीच्या मध्येच एक विचार आला, की आत्ता पडले, अगदीच वाईट पडले, तर पाच जुलैचं काही करावं लागणार नाही. कुणालाच काही करावं लागणार नाही. तो विचार आला आणि लगेच गेला. पण तो आला होता, हे तिला माहीत होतं, आणि ते तिला कधी विसरता येणार नव्हतं. ती रडायला लागली. रडत रडतच चालवत राहिली, कारण उतरून रडायला वेळ नव्हता.

गाव यायला पाऊण तास लागला. चर्चचा मनोरा असाच कितीतरी वेळ तेवढाच लांब दिसत होता. शेवटी रस्ता भरावावरून खाली उतरला, विटांच्या चौकात आला, आणि वसुधाला नरेंद्रराव दिसले.

ते चर्चभोवती फेऱ्या मारत होते.

थांबता येत नव्हतं, थांबवायला कुणी नव्हतं, म्हणून ते आपले सावकाश, एका लयीत, चर्चला प्रदक्षिणा घालत होते. कोपऱ्यावर कॅफे होता. बाहेरच्या टेबलांवर बसलेली मंडळी ते आले की हात वर करून त्यांना दाद देत होती. एक उंच, पांढऱ्या केसांचा म्हातारा बायकोबरोबर कॉफी पीत बसला होता. वसुधाची दशा बघून तो इंग्रजीत म्हणाला, “तुमचे मिस्टर का? फारच दमदार गृहस्थ! आम्ही मोजतोय, ही तिसावी फेरी!”

वसुधाने सायकल भिंतीला टेकवली. हात पसरून पुढे जायला हवं होतं, पण तिचे पाय लटपटत होते. या पायांवर बहात्तर किलो झेपले नसते. ती चर्चच्या दारासमोरच्या बाकावर बसली. एक फेरी, एवढीच. एक फेरी बसते आणि उठते.

नरेंद्रराव आले. त्यांना ती दिसली.

“बॅटरी गेली?” जाता जाता त्यांनी विचारलं.

“हो,” ती म्हणाली, पण तोवर ते पुढे गेले होते.

पुढच्या फेरीला ते म्हणाले, “मी हळू जायला हवं होतं.”

तिने मान हलवली. ते पुन्हा चर्चमागे गेले, पुन्हा आले.

“वाईच्या अलीकडे की पलीकडे?”

“अलीकडे.”

“नदी दिसते?”

“नाही. ऊस दिसतो.”

असं ते सुरू झालं. दर फेरीला एक प्रश्न आणि एक उत्तर. मधल्या वेळात ते चर्चमागे दिसेनासे होत आणि वसुधा वाट बघत बसे. इतकी वर्षं एका घरात राहून दोघांनी इतक्या शांतपणे एकमेकांचं ऐकून घेतलं नसेल.

“खोलीत आणखी कुणी?”

“बाळासाहेब म्हणून आहेत एक. एसटीत होते.”

एक फेरी ते समोरच बघत निघून गेले. पुढच्या फेरीला म्हणाले, “फेब्रुवारीत मी पाडलं तुला.”

“तुम्ही नाही पाडलंत. दोघं पडलो.”

“रोज येशील?”

या प्रश्नाला एक फेरी पुरली नाही. ते परत आले तेव्हा ती म्हणाली, “रोज नाही जमायचं. आधी मी झोपणार आहे. आठ दिवस नुसती झोपणार आहे.” ते पुढे गेले होते, तरी ती त्यांच्या पाठीला म्हणाली, “फार दमलेय हो मी.”

या खेपेला ते जरा उशिरा आले. चर्चमागे हळू झाले असावेत.

“झोप,” ते म्हणाले.

वसुधाने पदर नव्हता म्हणून बाहीने डोळे पुसले.

“तिथे धरायला कोण?” पुढच्या फेरीला त्यांनी विचारलं.

“माणसं आहेत. ठेवलेली.”

“अनोळखी.”

“सुरुवातीला अनोळखीच की.”

ते गेले. वसुधा उठली. पाय आता स्थिर वाटत होते. तिने खांदा फिरवून पाहिला आणि चौकाच्या मध्ये जाऊन पाय रोवून उभी राहिली. चर्चमागून घंटी ऐकू आली. नरेंद्रराव वळणावर दिसले. तिने दोन्ही हात पुढे केले.

तिच्यापासून दहा हातांवर आल्यावर त्यांनी हँडल वळवलं. ते तिच्या बाजूने सरळ कॅफेकडे गेले, घंटी वाजवत, त्या उंच म्हाताऱ्याच्या रोखाने, आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले, “होल्ड! प्लीज, होल्ड!”

म्हातारा खुर्ची पाडून उठला. त्याला काही कळलं नसेल, पण माणूस अंगावर येतोय म्हटल्यावर त्याने हात पसरले. नरेंद्रराव त्याच्यावर कलले. दोघंही मागे लडखडले, त्याची बायको ओरडली, टेबलावरचा कप फुटला. नरेंद्ररावांचा पाय जमीन शोधत होता. वसुधा धावली. ती पोचेपर्यंत पाय टेकला होता. म्हाताऱ्याने त्यांना दोन्ही दंडांना अवघडून धरलं होतं आणि तो त्याच्या भाषेत काहीतरी समजुतीचं बोलत होता.

“थँक यू,” नरेंद्रराव त्याला म्हणाले. “व्हेरी गुड.”

म्हाताऱ्याची बायको खुर्ची ओढून आली. दोघांनी मिळून त्यांना बसवलं, ते बसलेही. सायकल मात्र कुणीच धरली नव्हती. ती कलंडायला लागली तशी वसुधाने पुढे होऊन तिचं हँडल पकडलं, पायाने स्टँड लावला, आणि काय करावं ते न सुचून ती तशीच सायकल धरून उभी राहिली.